अपंगांच्या जागेत गाडी लावली की मी लंगडायला लागते. असं आणखी कुणाचं होतं का?

शहापूर_हिशेब
रविवार, रात्री 10.40

विषय लाजेचा आहे, म्हणून खऱ्या नावानं लिहीत नाही. वय 43. आधी बेळगावात उद्यमबागेत एका फौंड्रीच्या ऑफिसात हिशेब बघायची, आता घरी बसून खडेबाजारातल्या दहा-बारा दुकानांचं जीएसटी भरते. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, एमएस म्हणतात.

उद्यमबागेतल्यांना सांगायचं तर मोटारीच्या वाइंडिंगमधलं तारेवरचं वार्निश जातं ना, तसं काहीसं. आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण खाते. तार तुटलेली नसते, करंट मधेच गळतो. 2017 ला उजव्या डोळ्यापुढं धुरकट झालं आणि तीन आठवड्यांनी आपोआप निवळलं. मग पायाला मुंग्या. सगळे म्हणाले मणक्याची गादी सरकली. सासूबाईंनी महिनाभर तेल चोळलं. मी आज चालते ते त्या तेलामुळंच, असं त्यांचं अजून मत आहे. एमआरआय व्हायला 2019 उजाडलं.

सकाळी मला बघितलंत तर काहीच कळणार नाही. जिना चढते, गणपत गल्लीत घासाघीस करते. पण दीड-दोनशे पावलं झाली, नाहीतर ऊन लागलं, की डावं पाऊल उचलेनासं होतं. चप्पल फरशीवर घासायला लागते, लोकांना वाटतं आळशीपणानं चालते. पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं बसले की परत जशीच्या तशी. आणखी एक, बायकांना कळेल. लघवीला लागली की "आलेच हं" म्हणण्याइतकाही वेळ नसतो. त्यामुळं दारापासून गाडी किती लांब, हा माझ्यासाठी रोजचा हिशेब.

गाडी मीच चालवते. ऑटोमॅटिक आहे, क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र आहे, पिवळ्या पट्टीचं (40 ते 80 टक्क्यांच्या मधल्यांना पिवळी, त्यावर निळी, 40 च्या खाली पांढरी). 2016 च्या अपंग हक्क कायद्यात अपंगत्वाचे जे 21 प्रकार आहेत त्यांत एमएस नावानिशी आहे. म्हणजे मी काही चोरून जागा घेत नाही. हे स्वतःलाच सांगावं लागतं बघा.

आता झालं ते. मागच्या शनिवारी, दुपारचे बारा, एप्रिलचं ऊन. एका मोठ्या दुकानात महिन्याचं सामान भरायला गेले. नाव लिहीत नाही. दाराशेजारी व्हीलचेअरचं चित्र काढलेल्या दोन जागा, वर बोर्ड "अंगविकलरिगे मात्र". (कानडीत मात्र म्हणजे फक्त. मी लहानपणी ते मराठीत वाचायची आणि पुढचं वाक्य कुठं गेलं म्हणून शोधत बसायची.) एका जागेत चार मोटारसायकली. दुसरीत मी गाडी घातली. गेटवरचा पोरगा पळत आला, "अक्कार, इल्लि हच्चब्याड्री, इदु अंगविकलरदु." अक्का, इथं लावू नका, ही अपंगांची. मी कार्ड काढायला पर्स उघडते तोवर शेजारी स्कूटी लावणाऱ्या एक बाई बोलल्या, आपल्याच मराठीत, "चांगली टुणटुणीत उतरलीस की गे. देवानं हातपाय धड दिलेत, दुसऱ्याची जागा कशाला खातीस?"

पोराला मी कार्ड दाखवलं. त्यानं उलटसुलट बघितलं, मान हलवली, गेला. त्याचा मला राग नाही, ते त्याचं कामच आहे. बाईंना काही दाखवलं नाही. बोललेही नाही.

आणि मग गाडीपासून दारापर्यंत मी लंगडत गेले.

गरज नव्हती. गाडीत एसी होता, पाय ताजे होते. मागं त्या बघत असणार हे पाठीला कळत होतं, म्हणून पाय ओढला. दारातून आत गेल्यावर चिरंजीव (नववीत आहे) हळूच म्हणाला, "आई, तुझा डावा ना?"

मी उजवा ओढत होते.

तेव्हा हसले. रात्री झोप लागली नाही. नंतर आठवत गेले तसं लक्षात आलं की हे पहिल्यांदा नाही. दवाखान्यात, बँकेत, लग्नाच्या हॉलवर, त्या जागेत गाडी लावली की उतरताना मी दाराला धरून उगाच जास्त वेळ उभी राहते. चेहरा दुखरा करते. मी आजारी आहेच, तरी आजारी असल्याचं सोंग करते. कारण खरा आजार परत येताना दिसतो, पिशव्या घेऊन, आणि तोवर बघणारे घरी गेलेले असतात.

तर विचारायचं हे. असं कोण करतं का? गाडीवर मोठं स्टिकर लावू का, की कार्डाची प्रत काचेला? आणि प्रामाणिकपणे सांगा. ती जागा रुंद असते ती व्हीलचेअर काढायला. मला रुंदी नको, अंतर तेवढं कमी पाहिजे. मग मी तिथं गाडी लावणं बरोबर आहे का?

---

बघूया_की
रविवार, रात्री 11.15

ताई, राग मानू नका, पण त्या बाईंचं काय चुकलं? बोलायची पद्धत चुकली, मान्य. पण आपल्या गावात फुकटची सवय किती आहे तुम्हाला माहीत आहे. उद्या प्रत्येक जण म्हणेल माझं गुडघं दुखतंय, माझी शुगर वाढली. बघणाऱ्यानं काय एमआरआय काढून बघायचा? दिसतं त्यावरच माणूस बोलणार. माझ्या वडिलांचा पाय शुगरनं कापला, 2021 ला. त्यांना घेऊन गेलो की ती जागा कधी रिकामी मिळाली नाही. एकदाही नाही. म्हणून मी पण दोन-तीन वेळा लोकांना बोललोय. त्यातलं कुणी तुमच्यासारखं होतं का, आता काय माहीत.

---

रेडियमवाला
सोमवार, सकाळी 7.05

मी या धंद्यातलाच, म्हणून लिहितो. नंबरप्लेट, रेडियम, स्टिकर, स्टेन्सिल. आणि स्वतः पोलिओवाला, साइडव्हीलच्या अ‍ॅक्टिव्हावर फिरतो.

पहिलं स्टिकरचं. व्हीलचेअरचं स्टिकर माझ्याकडं 40 रुपयाला मिळतं. आजपर्यंत एका पण गिऱ्हाइकाला मी कार्ड विचारलं नाही, आणि कोण विचारत नाही. एक जण तर म्हणाला, अण्णा, टोलवर उपयोग होतो का बघतो. तवा स्टिकर लावून तुमचं काय सिद्ध होत नाही. लावायचं तर लावा, 40 रुपये द्या.

दुसरं, तुमच्या रुंदीच्या प्रश्नाचं. साधी जागा अडीच मीटर रुंद, ही 3.6 मीटर पाहिजे आणि दारापासून 30 मीटरच्या आत, असं बिल्डिंग कोडात आहे. म्हणजे नुसती रुंदी नाही, अंतर पण नियमात लिहिलंय. ते कुणासाठी लिहिलंय? चाकावरच्या माणसाला 30 काय आणि 60 काय, ढकलणारा असला की झालं. अंतर तुमच्यासारख्यांसाठी आहे. मी स्टेन्सिल मारायला जातो तवा टेप लावून बघतो. बऱ्याच ठिकाणी मालक साध्याच जागेत चित्र मारून घेतात. रुंदी नाही आणि दार कुठं तर पलीकडच्या अंगाला. मी सांगितलं तर म्हणतात, तू चित्र काढ.

तिसरं. मी 30 वर्षं गाडी चालवतोय. माझी जागा कधी कारवाल्या आजारी बाईनं खाल्ली नाही, मोटारसायकलवाल्यांनी खाल्ली. सहा गाड्या हँडल लॉक करून उभ्या. आणि त्यांना कोण बोलत नाही, कारण त्यांचे मालक तिथं नसतात. तुम्ही उतरताना सापडता, म्हणून तुम्हाला बोलतात.

बघूया_की, तुमच्या वडलांच्या जागेत पण बहुतेक मोटारसायकलीच होत्या ना?

---

बघूया_की
सोमवार, सकाळी 9.30

हो. एकदा जनरेटरची गाडी.

---

शहापूर_हिशेब
सोमवार, दुपारी 1.10

रेडियमवाले अण्णा, 30 मीटरचं मला माहीत नव्हतं. आज पावलं मोजली. माझी साधारण पन्नास होतात, तेवढं मला जमतं. आतली फिराफिर धरून सुद्धा.

बघूया_की, राग नाही. वडलांबद्दल वाईट वाटलं. तुम्ही ज्यांना बोललात त्यांचं मनावर घेऊ नका असं म्हणणार होते, पण थोडं घ्या.

---

पॅटर्नमेकर
सोमवार, संध्याकाळी 6.50

बाई, तुम्ही उद्यमबागेत होता म्हणून लिहितो, एरवी मी नुसतं वाचतो. मी 22 वर्षं फौंड्रीत, आधी पॅटर्न शॉप, मग माणूस कमी म्हणून फेटलिंगला. कास्टिंगवरची वाळू झाडायची, ग्राइंडर मारायचा. तोंडाला रुमाल. त्या वाळूची धूळ छातीत बसली, सिलिकोसिस. ती निघत नाही, औषध श्वासापुरतं. बसल्या जागी मी पैलवान दिसतो. पंधरा पायऱ्या चढलो की बोलता येत नाही.

तुमच्या त्या 21 मध्ये फुप्फुस नाही. शोधलं. पोरानं ऑनलाइन सगळं बघितलं. सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, पार्किन्सन आहे. बरं झालं ती आली, 1995 च्या कायद्यात सातच प्रकार होते. पण धापेचं खातं नाही. तवा मला कार्ड नाही आणि त्या जागेवर माझा हक्क पण नाही. मी लावत नाही. पोरगा दारात सोडून गाडी लांब लावून येतो.

तुम्ही सोंगाचं लिहिलंय ते वाचून मी बायकोला वाचून दाखवलं. कारण मी पण करतो, पण उलटं. रस्त्यात दम लागला की मोबाइल काढून कानाला लावतो. फोन आल्यासारखा. "हां, हां, बोला की" म्हणतो आणि तेवढ्यात श्वास घेतो. नाहीतर दुकानातल्या वस्तू बघत उभा राहतो. मारुती गल्लीत एका भांड्याच्या दुकानापुढं इतक्यांदा थांबलो की मालकानं एक दिवस स्टूल दिलं आणि विचारलं, कुकर घेणार आहेस की नाही ते सांग. शेवटी घेतला. पाच लिटरचा.

---

चंदगड_एमएच09
सोमवार, रात्री 8.20

आम्ही चंदगडकडची माणसं, दवाखान्याला बेळगावच जवळ पडतं. माझ्या बहिणीच्या मुलाला हिमोफिलिया, घोट्यात रक्त उतरतं. सुजलेला असतो तेव्हा पाय टेकवत नाही, एरवी पळतो. त्याचं कार्ड महाराष्ट्रातलं. इथं एका गेटवर सांगितलं, हे चालत नाही, कर्नाटकाचं पाहिजे. असं असतं का?

आणि एक. माझे मेहुणे बेळगावातच वॉचमन आहेत. बारा तासांची ड्यूटी, खुर्ची नाही. त्यांना साहेबानं सांगितलंय अपंगांच्या जागेत कुणाला येऊ देऊ नको. त्याच साहेबाची गाडी ऊन चढलं की तिथं सावलीला येते. मेहुण्यांनी काय करायचं? ते दुसऱ्यांवर ओरडतात.

---

अनगोळ_ते_लेस्टर
सोमवार, रात्री 11.55

चंदगडकर, कार्ड देशभर चालतं. 2016 च्या कायद्याच्या कलम 58 मध्येच आहे, प्रमाणपत्र संपूर्ण देशात वैध. मोबाइलमध्ये त्या कलमाचा फोटो ठेवा. माझे वडील अनगोळला असतात, त्यांच्यासाठी मी ठेवलाय.

शहापूर ताई, मी इंग्लंडमध्ये आहे, बायकोला एमएस. इथं ब्लू बॅज असतो. तो गाडीला नाही, माणसाला मिळतो. म्हणजे ती शेजारणीच्या गाडीत बसली तरी डॅशबोर्डवर तोच ठेवायचा. आपल्याकडं कार्ड आहे, पण ते पर्समध्ये असतं. काचेत दिसेल असं सगळीकडं चालणारं काही नाही, हा मोठा फरक. 30 ऑगस्ट 2019 पासून इथं न दिसणाऱ्या आजारांनाही बॅज मिळण्याचा नियम स्पष्ट केला. बायकोला मिळाला. आम्हाला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या महिन्यात वायपरखाली चिठ्ठी. "तुला चालताना पाहिलं. लाज वाटू दे." अक्षर सुरेख होतं. कुणीतरी पेन शोधून, कागद शोधून, थंडीत उभं राहून लिहिलेलं. बायकोनं ती फ्रिजवर लावली आहे, का ते मला अजून कळलेलं नाही. पाहुणे आले की वाचतात आणि गप्प होतात.

शिवाय इथंही त्या जागेवर व्हीलचेअरचंच चित्र. बॅज कुणालाही मिळो, डोळ्यांना एकच माणूस शिकवलेला आहे, चाकावर बसलेला.

---

रेडियमवाला
मंगळवार, सकाळी 7.20

चित्राचं मी सांगतो, रोज कापतो ते. 1968 ला डेन्मार्कच्या एका विद्यार्थिनीनं, सुझान कोफोडनं, काढलेलं. मूळ चित्रात नुसती खुर्ची आणि अंगाची रेघ होती, डोकं नव्हतं. नंतर कुणीतरी म्हणालं खुर्ची रिकामी वाटते, मग वर गोल ठेवला. स्टेन्सिल मारताना अजून पहिल्यांदा तो गोलच बिघडतो. रंग पसरतो. गावात फिरून बघा, निम्मी माणसं बिनडोक्याची दिसतील.

---

वकिली_नको_तिथं
मंगळवार, सकाळी 10.00

ताई, त्याच कायद्याचं कलम 92 बघा. अपंग व्यक्तीचा चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद. त्या बाईंच्या स्कूटीचा नंबर घेतला का?

---

शहापूर_हिशेब
मंगळवार, सकाळी 10.25

नाव चांगलं घेतलंय तुम्ही.

नाही घेतला नंबर. त्यांना मी अपंग आहे हेच पटलेलं नव्हतं, मग अपंग म्हणून अपमान केला असं कसं म्हणायचं? गमतीचा मुद्दा आहे, तुमच्या कोर्टात चालेल. पण त्या बाईंच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी आणि शाळेचा डबा होता. अशा माणसाला सहा महिने आत टाकून मी आंघोळीला जाऊ?

लेस्टरचे दादा, वहिनींनी चिठ्ठी फ्रिजवर का लावली ते मला कळलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

पॅटर्नमेकर काका, तुमचा फोन कानाला लावायचा प्रकार वाचून मी दोनदा उठून पाणी पिऊन आले. आमच्या ऑफिसच्या खिडकीतून फेटलिंग शॉप दिसायचं. आम्ही काचेच्या आत. कंत्राटी माणसांच्या मस्टरवर किती हजऱ्या मी मांडल्या असतील. मास्कचा खर्च कधी व्हाउचरवर आलेला आठवत नाही. एवढंच लिहिते.

---

बघूया_की
मंगळवार, रात्री 9.40

ताई, एक विचारतो. समजा मी परत कुणाला त्या जागेत बघितलं, दिसायला धडधाकट. बोलायचंच नाही का? मग खरे फुकटे सुटणार.

---

शहापूर_हिशेब
मंगळवार, रात्री 10.05

वॉचमनला बोला. त्याला विचारायचा अधिकार आहे, मी दाखवते, दहा सेकंदांचं काम. तुम्ही मला विचारलंत तरी चालेल, "ताई, कार्ड आहे का?" असं. माझ्या पायाकडं बघून निकाल देऊ नका. आणि मोटारसायकली दिसल्या तर आधी त्या उचला.

---

शहापूर_हिशेब
शनिवार, दुपारी 3.30

काय झालं सांगते. आज परत त्याच दुकानात गेले. चिरंजीव बरोबर होताच, येताना त्यानं बजावलं होतं, "आज लंगडायचं असलं तर डावा." कार्डाची झेरॉक्स लॅमिनेट करून आरशाला लटकवली होती. (पत्ता आणि नंबर झाकून, फोटो आणि पिवळी पट्टी तेवढी दिसेल अशी.) ती उन्हात अशी चमकत होती की कुणाला काही वाचता येणार नाही. त्यामुळं रेडियमवाले अण्णा, तुमचे 40 रुपये पक्के.

जागेत तीनच मोटारसायकली, दुसरी रिकामी. तोच पोरगा. त्यानं मला ओळखलं, प्लास्टिकचा खांब बाजूला केला. मी उतरले आणि सरळ चालायला लागले. दहा-बारा पावलं. अवघड गेलं, खरं सांगते. सरळ चालताना जास्त विचार करावा लागला. स्कूटीवाल्या बाई नव्हत्या, दुसरं कुणीतरी बघत असेल, नसेल.

पोरगा मागून आला. भांडायला नाही, त्याला खरंच कळत नव्हतं. हळू आवाजात विचारलं, "अक्कार, याव काल्री?" कोणता पाय?

मी म्हटलं, "काल अल्लरी. तली." पाय नव्हे, डोकं. मेंदूत आहे, असं पुढं सांगायचं होतं, पण तेवढी माझी कानडी पळेना.

तो दोन पावलं मागं सरला. मग पिशव्यांची ढकलगाडी आणून दिली, लांबूनच.